मदत हवी आहे: १९२९ नंतरची नाशिक धर्मप्रांताची दप्तरे

मुंबईच्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या, बिशपांची यादी करतो आहे. १८३७ मध्ये तो कलकत्त्यापासून वेगळा झाला. पहिले बिशप थॉमस कार. पुढे हार्डिंग, डग्लस, मिल्न, मॅकआर्थर, पिम, पामर, इथपर्यंत क्रम पक्का आहे. गुंता १९२९ पासून. त्या वर्षी नाशिक वेगळा धर्मप्रांत झाला, फिलिप लॉइड पहिले बिशप. त्यामुळे नगर-नाशिककडच्या नोंदी दोन कार्यालयांत विभागल्या असाव्यात. त्यात १९७० ला अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर सीमा पुन्हा आखल्या गेल्या!

बाप्तिस्मा आणि दीक्षेच्या मूळ वह्या आता चर्चमध्येच असतात की धर्मप्रांत कार्यालयात? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या 'एन/३' मालिकेतल्या (मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या) प्रती नकोत, मूळच हव्यात. अर्ज नेमका कोणाकडे करायचा?