वजन, शुगर, थायरॉइड, पीसीओडी: आधी काय आलं?

परवा एका लग्नात मावशींनी भर पंगतीत विचारलं, "थायरॉइड का गं तुला?" मला थायरॉइड नाही. पण ज्यांना आहे, पीसीओडी (पाळी बिघडवणारं अंडाशयाचं दुखणं) आहे, शुगर आहे, त्यांनी लिहा. वजन आधी वाढलं की दुखणं आधी आलं? डाएटचे सल्ले कृपया नकोत, ते पंगतीत मिळतातच.

*

माझं मानेपासून सुरू झालं. नववीत मानेवर काळपट पट्टा दिसायला लागला. आईला वाटलं, मी आंघोळ धड करत नाही. दर रविवारी डाळीचं पीठ, दही आणि घासघास घासणं. मान लाल व्हायची, पट्टा तिथेच. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, तर "जाड आहे ना, म्हणून" एवढ्यावर विषय मिटायचा.

सव्विसाव्या वर्षी पिंपल्ससाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्या पिंपल्स सोडून मानच बघत बसल्या. म्हणाल्या, हा मळ नाही, रक्तात इन्सुलिन फार झालं की कातडी अशी जाड आणि काळी पडते. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी सोडतं. त्या जादा इन्सुलिनने अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात, मग पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. पोटावर चरबी चढली की इन्सुलिनला दाद आणखीच कमी. म्हणजे आधी काय, हे त्यांनाही सांगता येईना! एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ६.१ निघालं: मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ७८ किलोंचे ७१ झाल्यावर पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली. आई अजूनही कधी कधी मानेवरून हात फिरवते. बोलत काही नाही.

*

थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच १८ आला, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं निघालं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चला, दोष माझा नाही, गोळी घेतली की पंधरा किलो उतरतील. उतरले तीन. डॉक्टर म्हणाले, थायरॉइडचा वाटा एवढाच होता, त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. त्यात पहिले चार महिने गोळी चहाबरोबर घेत होते. ती उपाशीपोटी घेऊन निदान अर्धा तास थांबायचं असतं, हे मला पाचव्या महिन्यात कळलं.

*

पुरुषाचाही एक अनुभव असू दे. उंची १७० सेंमी, वजन ६६. ऑफिसात मला "काडी" म्हणतात. पोट तेवढं पट्ट्यावरून डोकावतं, कंबर ९४. कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी ७.२! रिपोर्ट दुसऱ्याचा असणार म्हणून मी पुन्हा रक्त दिलं. तेच.

डॉक्टरांनी मला २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक फोटो दाखवला. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंमीच्या पुढे गेली की धोका धरतात. माझी पँट दर दिवाळीला एक नंबर वाढत होती, आणि मी काट्यावर उभा राहून खूश.

*

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी कुणीतरी पुड्या आणून दिल्या, "शंभर टक्के जडीबुटी". आठ दिवसांत दुखणं गायब. तीन महिन्यांत चेहरा गोल गरगरीत, मानेमागे उंचवटा, हातपाय मात्र काटक्या. शुगर ३००. घरात सगळे म्हणत, दुखणं थांबलं म्हणून जेवण वाढलंय. डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, पुड्या कसल्या घेता? आत स्टेरॉइड होतं. वर त्यांनी बजावलं की एकदम बंद करू नका, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. हळूहळू कमी करत सहा महिने गेले.

*

पुड्यांबद्दल लिहिलंय त्यांना: पांढऱ्या कागदात, वर नाव-गाव काही नाही, अशाच होत्या का? माझी आई दिवाळीपासून घेतेय. गाल वर आलेत, आणि मी तिला म्हणत होते, तब्येत सुधारली हं तुझी. आता फोन लावते.