कोपनहेगनचे टिवोली : राइडमध्ये बसायचे नसेल, तरी तिकीट काढून आत जावे का?

प्रश्न

येत्या जूनमध्ये आम्ही कोपनहेगनला जात आहोत आणि हाताशी एकच मोकळा दिवस आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले सासरे आणि चौदा वर्षांची मुलगी असेल. मुलीला टिवोली या मनोरंजन उद्यानातील मोठ्या राइड्सची ओढ आहे. सासऱ्यांना गुडघेदुखीमुळे कशातच बसता येणार नाही, मात्र जुन्या वास्तू आणि बागा पाहण्याची त्यांना मनापासून आवड आहे. प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि राइड्सचे पैसे वेगळे, असे वाचनात आले. अशा वेळी सर्वांनी आत जावे का, आणि गेल्यास कोणत्या वेळी जावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

सासऱ्यांना अवश्य न्यावे, कारण टिवोली आधी बाग आहे आणि नंतर राइड्सचे ठिकाण. जॉर्ज कार्स्टेनसन यांनी १५ ऑगस्ट १८४३ रोजी ते लोकांसाठी खुले केले, तेव्हा शहराला तटबंदी होती. आतील तळे हा त्या तटाभोवतीच्या खंदकाचाच उरलेला भाग आहे. लोक मौजमजेत रमले की राजकारणाचा विचार करत नाहीत, असे सांगून त्यांनी राजा आठवा ख्रिश्चन याची परवानगी मिळवली, अशी गोष्ट सांगितली जाते.

सासऱ्यांसाठी सर्वांत मोलाची वास्तू म्हणजे विल्हेल्म डालेरुप यांनी चिनी शैलीत उभारलेले १८७४ चे मूकनाट्यगृह. त्याचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा असून खेळ सुरू होताना तो यंत्राच्या साहाय्याने दोन्ही बाजूंना मिटत जातो आणि मागचा रंगमंच दिसू लागतो. प्रेक्षक उघड्यावर असतात, संवाद नसल्यामुळे भाषेची अडचण येत नाही, आणि हा खेळ प्रवेश तिकिटातच पाहता येतो. २०२४ पर्यंत डेन्मार्कच्या राज्यावर असलेल्या राणी दुसऱ्या मार्गारेट यांनी येथील काही बॅलेंसाठी वेशभूषा आणि नेपथ्य केले आहे, यावरून या लहानशा रंगमंचाचा तेथील मान लक्षात यावा. खेळाची वेळ मात्र आधी पाहून ठेवावी.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, पण मुलीच्या बाजूनेही थोडे लिहितो. उलटेपालटे करणारी रोलर कोस्टर डेमोनेन आणि ८० मीटर उंच मनोऱ्याभोवती साखळ्यांच्या खुर्च्या फिरवणारा हिमेलस्कीबेट तिला आवडतीलच. तरीही १९१४ ची लाकडी रोलर कोस्टर, म्हणजे रुत्शेबानेन, तिने चुकवू नये. तिच्या प्रत्येक गाडीवर एक ब्रेकवाला स्वार असतो आणि उतारावर वेग किती ठेवायचा, हे तोच हातातील ब्रेकने ठरवतो. नव्या राइड्समध्ये हे काम यंत्रणा करते. येथे ते माणसाच्या अंदाजावर चालते, आणि अशा फारच थोड्या रोलर कोस्टर जगात आज चालू आहेत. शक्य झाल्यास ब्रेकवाल्याजवळची जागा मिळवावी.

तिकिटाबाबत असे करावे : सासऱ्यांसाठी आणि तुमच्यासाठी केवळ प्रवेश, मुलीसाठी प्रवेशासह सर्व राइड्सचा पास. दोन-तीनच राइड्स घ्यायच्या असतील, तर सुटी तिकिटे परवडतात. कोपनहेगन कार्ड, म्हणजे पर्यटकांसाठीचा शहराचा पास, घेणार असाल, तर त्यात प्रवेश येतो, राइड्स येत नाहीत.

प्रतिसाद ३

वेळेबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. टिवोलीची दिव्यांची रोषणाई प्रसिद्ध आहे, परंतु जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना ती दिसतच नाही. दुपारनंतर आत शिरावे, मुलीच्या राइड्स आधी उरकाव्यात आणि उशिरापर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. मुख्य रेल्वे स्थानक रस्ता ओलांडला की समोरच असल्याने सासऱ्यांना परतताना फार चालावे लागणार नाही.

केवळ राइड्सच हव्या असत्या, तर मी बाकेन हे दुसरे मनोरंजन उद्यान सुचवले असते. ते १५८३ पासूनचे, म्हणजे टिवोलीहूनही कितीतरी जुने असून तेथे प्रवेश विनामूल्य आहे. मात्र ते शहराबाहेर क्लाम्पेनबोर्गच्या जंगलात आहे आणि स्थानकापासून बरेच चालावे लागते. गुडघ्यांचा विचार करता तुमच्यासाठी टिवोलीच सोयीचे.