इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी उच्चार लिहू द्यावा का?

खडूवाली

सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवते. मागच्या आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलीचं पुस्तक उचललं. धड्यातल्या प्रत्येक ओळीच्या वर तिने बारीक अक्षरात देवनागरीत उच्चार लिहिले होते. साहेबांनी सगळ्या वर्गासमोर तिच्या हातात खोडरबर दिलं आणि पान पुसायला लावलं. पान स्वच्छ झालं आणि तिला पहिलीच ओळ वाचता येईना. साहेब गेल्यावर ती बराच वेळ रडत होती.

मला वाटतं, लिहू द्यावं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरात इंग्रजी कुणी बोलत नाही. कानात नसलेला शब्द डोळ्याने कसा वाचणार? त्यातून इंग्रजीचं स्पेलिंग असं. ‘आयलंड’मधला एस मुळात त्या शब्दात नव्हताच. फ्रेंचमधून आलेल्या ‘आइल’शी त्याचं नातं आहे असं समजून लोकांनी तो मागाहून घातला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी बसवला. हे पोरीने कुठून ओळखायचं?

आणि आपली लिपी या कामाला कमी नाही. बॅट, बेट, बट हे तीन वेगळे उच्चार मराठी मूल न अडखळता लिहितं. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ आपण वेगळे लिहितो. हाताशी असलेलं हत्यार का टाकायचं?

समास

बाई, त्या मुलीला वर्गासमोर पुसायला लावलं ते चुकीचंच. पण पान पुसलं पाहिजे, या मताचा मी आहे.

कॉलेजात पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवतो. तुमच्याकडची मुलं सात-आठ वर्षांनी माझ्यासमोर बसतात. वर देवनागरी असली की डोळा वरच जातो, खालचा इंग्रजी शब्द नुसतं चित्र होऊन राहतो. परीक्षेत न पाहिलेला उतारा आला की मुलं गप्प होतात. तुमच्या मुलीला पहिलीच ओळ वाचता आली नाही, हाच माझा पुरावा.

दुसरं म्हणजे, मुलं लिहितात तो उच्चार नसतो, स्पेलिंगचं लिप्यंतर असतं. ‘व्हेजिटेबल’, ‘कंफर्टेबल’. दोन्हींत टेबल! खरा उच्चार ‘व्हेज्टबल’, ‘कम्फ्टबल’च्या जवळ जातो. एकदा पेन्सिलीने ‘टेबल’ लिहिलं की ते जन्मभर जिभेवर बसतं. आणि देवनागरीत लिहिलं म्हणून उच्चार नेमका होतो असंही नाही. ‘झू’ लिहिलंत, तर तो झ झाडातला की झेंड्यातला?

दूरदेशी

@समास सर, झाड आणि झेंडा आपली मुलं न सांगता वेगळे बोलतात. चहा आणि चमचा यांतले च सुद्धा. एका अक्षराचे दोन आवाज सांभाळायची त्यांना सवय आहे, त्यामुळे हा मुद्दा मला पटत नाही.

मी इंग्लंडमध्ये रुग्णालयात परिचारिका आहे. दहावीपर्यंत मीही शब्दांवर देवनागरी लिहिली आणि तेवढ्यावरच इंग्रजी शिकले. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात ‘थर्मामीटर’ मागितला. तीनदा मागितला. समोरची सहकारी चांगल्या मनाची, पण तिला कळेचना. मी जोर ‘मीटर’वर देत होते, तिच्या कानाला तो ‘मॉ’वर हवा होता: थर्मॉमिटर. एका आजींना मी ‘पेन’, म्हणजे दुखतंय का, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, “बेन? बेन आलाय?” बेन त्यांचा नातू. त्या दाराकडे बघत राहिल्या. ते मला अजून आठवतं.

आपला ‘प’ ओठांतून हवा न सोडता येतो. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला प, ट, क म्हणताना हवेचा झोत सोडतो. झोत नसला की त्याला प चा ब ऐकू येतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून बघा, ‘पिन’ म्हणताना ती हलायला हवी. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. खोडरबराने हे शिकवता येत नाही आणि नुसत्या पेन्सिलीनेही नाही.

धावपट्टी

उच्चाराचा एवढा धसका कशाला? वैमानिक आणि नियंत्रक रेडिओवर जे इंग्रजी बोलतात त्याचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने घालून दिलेत. त्यात तीनचा उच्चार ‘ट्री’, हजारचा ‘टाउसंड’, पाचचा ‘फाइफ’, नऊचा ‘नायनर’. शेकडो जीव ज्या बोलण्यावर अवलंबून, तिथे इंग्रजांचा जिभेचा ‘थ’ मुद्दाम सोडून दिलाय. भाषाअभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली परभाषिकांनी आपसांत इंग्रजी बोलताना नेमकं काय सांभाळावं याची यादी मांडली. त्यात ‘थ’ नाही, शब्दातला आघात, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, तोही नाही. आपलं इंग्रजी आपलं असू द्या. मुलांना लाज वाटायला लावू नका.

दूरदेशी

लाजेबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्याच यादीत प-ट-क चा झोत आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वरांतला फरकही आहे. काहीही चालेल असं त्यांनी म्हटलेलं नाही. आघाताबद्दल म्हणाल तर हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतल्या आर. के. बन्सल यांचा १९६९चा अभ्यास आहे. भारतीयांचं इंग्रजी परक्यांना न कळण्याच्या मोठ्या कारणांत त्यांना चुकीच्या जागी पडणारा आघात सापडला. जेन्किन्सबाई दोन बिगर-इंग्रज माणसांच्या बोलण्याचा विचार करतात, माझ्यासमोर मात्र रोज इंग्रज आजी-आजोबा आहेत.

लगालगा

निवृत्त प्राध्यापक. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही साहित्य शिकवलं. आघात नुसता बोलण्यापुरता नाही, त्याच्यावाचून इंग्रजी कविता उघडतच नाही. शेक्सपिअरच्या नाट्यपद्याची साधी ओळ म्हणजे दहा अक्षरं आणि पाच ठोके: हलकं-जड, हलकं-जड. आमची मुलं दहाही अक्षरं सारख्याच वजनाने वाचायची, जाहीर सूचना वाचावी तशी. एके वर्षी मी फळ्यावर पंचचामर हे वृत्त लिहिलं, ल म्हणजे लघु आणि गा म्हणजे गुरू: लगालगा लगालगा लगालगा लगालगा. सोळा अक्षरं. त्यातली दहाच ठेवली आणि मुलांना बाकावर ताल धरायला सांगितलं. मग त्याच तालावर शेक्सपिअरची ओळ वाचली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, ही तर चाल आहे.” त्या वर्षी त्या वर्गाने नाटक पुस्तकातून मान वर करून वाचलं.

तेव्हा खडूवाली बाई, मुलांना देवनागरी लिहू द्या, पण ज्या अक्षरावर जोर त्यावर गुरूची खूण करायला शिकवा. गण पाडायला ती पुढे शिकणारच आहेत.

समास

सर, कल्पना सुंदर आहे, पण यात धोका आहे. गुरू म्हणजे दोन मात्रांचा वेळ, आघात म्हणजे जोर. ‘हॅपी’ घ्या. आपल्या हिशेबाने ‘पी’ दीर्घ म्हणजे गुरू, पण जोर ‘हॅ’वर. ‘हॉटेल’मध्ये आपण ‘हॉ’ दाबून म्हणतो, इंग्रज ‘टेल’वर जोर देतो. तीच खूण दोन अर्थांनी वापरली तर मूल दोन्हीकडे गोंधळेल.

लगालगा

हे खरं. मग गुरूची खूण नको. वेगळी, उभी रेघ काढा.

खडूवाली

उभी रेघ आज करून पाहिली. दहा शब्द घेतले: हॉटेल, पोलीस, थर्मॉमिटर, डेव्हलप, फोटोग्राफ आणि त्याच्या शेजारी फटॉग्रफर, असे. ‘फोटोग्राफ’ची रेघ पहिल्या अक्षरावर आणि ‘फटॉग्रफर’ची दुसऱ्यावर का, हे विचारायला चार मुलं टेबलाशी आली. पट्टीचा प्रयोगही केला. सगळ्या वर्गाने वहीचे कागद फाडले, पण ‘पिन’ म्हणताना कागद हलला की ओरडत होती.

समास सर, उच्चार शब्दाच्या डोक्यावर असला की डोळा खाली उतरत नाही, हे मला पटलं. आता समासात लिहायला सांगितलंय, आणि तेही अडलेल्या शब्दापुरतंच. त्या मुलीने आज सहाच शब्द लिहिले.

समास

सहा चालतील. दिवाळीनंतर ती समास झाकून तीच ओळ वाचते का, ते इथे कळवा. नाही वाचली, तर मी माझ्या मतावर ठाम आहे.

खडूवाली

कळवते. पण पुसायचं कधी, ते तिलाच ठरवू देणार आहे.