बालीत किनाऱ्यापलीकडे काय पाहिलंत? अनुभव लिहा

बालीला जाऊन आलेले लोक आता प्रत्येक घरात सापडतात, पण गप्पा कुटाचा किनारा आणि झोक्यावरचे फोटो यांच्यापुढे सरकत नाहीत. इंडोनेशियाचा हा एकमेव हिंदूबहुल प्रांत. शेती, पाणी, देऊळ आणि चूल तिथे एकमेकांत गुंतलेली आहेत. ते पाहायला आत गेलेल्यांनी इथे जरूर लिहा.

सुरुवात मी क्लुंगकुंगच्या केर्ता गोसापासून करते. हा राजाच्या न्यायसभेचा मंडप. छतभर जवळच्या कामासान गावच्या शैलीतली चित्रं आहेत: कुंतीच्या सांगण्यावरून भीम नरकात उतरतो आणि पंडू-माद्रीला सोडवून आणतो. ही कथा मी आपल्याकडे कधी ऐकली नव्हती. खटल्याला आलेल्या माणसाच्या डोक्यावर हेच नरकाचे देखावे असायचे. समोरच स्मारक आहे. १९०८ मध्ये डच फौजेपुढे शरण न जाता राजा आणि त्याची माणसं चालत गेली आणि मारली गेली. दोन्ही एकाच फेरीत पाहा, घाई करू नका.

साक्रीहून:
आमच्या पांझरेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनीच मिळून पाणी वाटून घ्यायची फड पद्धत, म्हणून मी मुद्दाम जातिलुविहची भातखाचरं पाहायला गेलो. तिथल्या ‘सुबक’ नावाच्या पाणीवाटपाच्या व्यवस्थेला २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. एका बंधाऱ्यावर शेतं भिजवणाऱ्या शेतकऱ्यांचा मिळून एक ‘सुबक’. पाटात आडवा ओंडका टाकलेला, त्याला खाचा पाडलेल्या. ज्याचा वाटा मोठा त्याची खाच रुंद. मी त्या ओंडक्यापाशी बराच वेळ बसलो. पाटाला पाणी वाढलं किंवा कमी झालं, तरी प्रत्येकाचा हिस्सा त्याच प्रमाणात निघतो. आमच्याकडे वाटपाचं काम पाटकरी बघतो. लावणी कधी करायची, रान कधी मोकळं सोडायचं, हे पाण्याच्या देवळांच्या सणवारांशी बांधलेलं आहे. आसपासचं सगळं शिवार एकदम मोकळं राहिलं की किडीला खायला काही उरत नाही. सत्तरच्या दशकात सरकारने लागोपाठ पिकं घ्यायला लावली, तो मेळ तुटला आणि किडीने भात खाल्लं. नंतर पुन्हा देवळाच्याच वेळापत्रकाकडे वळावं लागलं. आपल्याकडे फड मोडीत निघत असताना हे पाहून पोटात कालवलं. पाटबंधारे खात्यातल्या कुणी तरी हे वाचावं.

पुण्याहून:
न्येपी, म्हणजे वर्षारंभाचा मौनाचा दिवस, गाठा. त्यांचं नवं वर्ष आपल्यासारखंच शकाचं. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला होती, आपला पाडवा ३० ला, आणि दोन्हीकडे शके १९४७ लागलं. त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो, रस्त्यावर फिरायला पाहुण्यांनाही मनाई, त्यामुळे तिकिटं जपून काढा. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे मोठाले पुतळे खांद्यावर नाचवत नेतात, ती मिरवणूक चुकवू नका.

रत्नागिरीहून:
खाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! बेतुतू म्हणजे कोंबडीत हळद, लसूण, मिरचीचं वाटण ठासून भरायचं आणि तासन्‌तास शिजवायची. जुन्या रीतीने ती पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्यात, गुंडाळून भाताच्या तुसाच्या निखाऱ्यात पुरतात. आमच्या वाडीतल्या विऱ्या चुलीत जातात, आता जरा विचार करीन. साते लिलित मला त्याहून आवडलं: माशाचा खिमा आणि ओलं खोबरं गवती चहाच्या दांड्यावर थापून भाजतात, त्याचा वास मासळीच्याही आधी नाकात शिरतो. सकाळी बाजारात लाकलाक घ्या. अप्प्यांसारखे तांदळाचे, वर खवलेला नारळ आणि ताडगुळाचा पाक. शाकाहारी असाल तर ‘तान्पा तेरासी’ (तेरासीशिवाय) हे दोन शब्द पाठ करा. तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. भाजीच्या चटणीतही तो असू शकतो.

सिंगापूरहून:
पश्चिम टोकाच्या राष्ट्रीय उद्यानाकडे फार थोडे जातात. पांढरीशुभ्र, डोळ्यांभोवती निळी कातडी असलेली बाली मैना रानात फक्त याच प्रांतात आहे. पिंजऱ्यांसाठी धरून धरून ती जवळजवळ संपली होती. आता पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडतात. आम्हाला जोडी दिसली, नर तुरा फुलवून मान वरखाली करत होता. आत जायला परवाना आणि वाटाड्या उद्यानाच्या कार्यालयातूनच घ्यावा लागतो. दक्षिणेतून एका दिवसात जाऊन यायचा बेत आखू नका, आदल्या रात्री तिकडेच मुक्काम करा आणि उजाडताच रानात शिरा.