मदत हवी आहे : रोज बुटीबोरीला जायला जुनी सेडान कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. इतकी वर्षं बाईकवर काढली, पण मागच्या मे महिन्यात वर्धा रोडवर दुपारी चक्कर आली, तेव्हापासून घरचे बाईक काढूच देत नाहीत.

बजेट साडेपाच लाख, पेट्रोलच हवी. डोळ्यांसमोर तीन गाड्या आहेत : टोयोटा इटिऑस, मारुती सियाझ आणि होंडा सिटी. मन इटिऑसकडे झुकतंय. दिसायला साधी आहे, पण मागची फरशी जवळपास सपाट असल्यामुळे आईला गुडघ्यांच्या त्रासात बसायला बरं पडतं. अडचण एकच, तिचं उत्पादन २०२० मध्येच बंद झालं. नागपुरात तिचे पार्ट सहज मिळतात का? कोणी वापरत असाल तर नक्की सांगा.

दुसरं म्हणजे एसी. आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, त्यामुळे माझ्यासाठी मायलेजपेक्षा एसी मोठा. आता थंडीत गाडी बघताना कॉम्प्रेसर आणि कूलिंग कसं तपासायचं?

एक गाडी जवळपास ठरलीच होती. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा निघाला, विकणाऱ्याने तो सांगितलाच नव्हता. म्हणून आता नागपूर पासिंगची (एमएच-३१ किंवा ४९), पहिल्या मालकाची आणि सर्व्हिस रेकॉर्ड असलेलीच बघतोय. सोबत येऊन गाडी तपासून देणारा खात्रीचा मेकॅनिक मानेवाडा-हुडकेश्वर भागात कोणाच्या माहितीत आहे का?