धानाच्या बांधीतील लाखोळी: घरात किती खावी, जनावरांना किती द्यावी?

प्रश्न – बांधीवाला, गोंदिया

धान निघाल्यावर आमच्या बांध्यांत दुसऱ्या पिकापुरते पाणी उरत नाही, म्हणून वडील उतेरा पद्धतीने, म्हणजे उभ्या धानातच बी फेकून, लाखोळी (लाखेची किंवा खेसारी डाळ) टाकत असत. मधल्या काळात जवस घेतला. यंदा पुन्हा लाखोळी घ्यावी असे वाटते. डाळ आणि कोवळ्या शेंड्यांची भाजी घरी, कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) गुरांना, असा हिशेब आहे. मात्र ही डाळ खाल्ली की पाय जातात, असे शेजारच्या आजोबांनी बजावल्यापासून घरची मंडळी तयार नाहीत. त्यांच्या बोलण्यात तथ्य किती?

उत्तर – पथ्यकर

आजोबांचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते आणि आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग दोन-तीन महिने सलग याच डाळीचा असेल, तर पायांचे स्नायू ताठरून कायमचे अपंगत्व येऊ शकते. त्यावर खात्रीचा इलाज नाही. अवर्षणात बाकी सारे करपते आणि हे पीक तेवढे तगते, त्यामुळे गरिबाच्या ताटात महिनोन्महिने तेच पडते. रोगाच्या साथी दुष्काळात आल्या त्या याच कारणाने. पूर्वी सालदाराला मजुरी म्हणून हेच धान्य मिळे, हेही विसरू नये. विक्रीवरील बंदीची तरतूद १९६१ मध्ये झाली, अंमल राज्यांवर सोडला गेला आणि महाराष्ट्राने पुढे ती उठवली. आपल्या घरी भात, तूर, भाजीपाला असताना आठवड्यातून एखादे वेळी लाखोळीचे वरण झाले तर घाबरण्याचे कारण नाही. डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकावे, शिजवतानाही पहिले पाणी ओतून द्यावे. ओडॅप पाण्यात विरघळते, त्यामुळे बरेचसे निघून जाते. सगळे मात्र जात नाही, म्हणून रोजच्या तुरीच्या जागी ही डाळ बसवू नये.

उत्तर – उतेरा

वरील सल्ला योग्य आहे, तरी सगळा भार स्वयंपाकघरावर टाकणे मला पटत नाही; निम्मे काम बियाण्यातच होते. रतन, प्रतीक आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे महातिवडा या वाणांत ओडॅप गावठी बियाण्यापेक्षा पुष्कळ कमी असते. शेजारच्या बांधीत गावठी लाखोळी असेल तर मधमाश्यांमुळे काही प्रमाणात संकर होतो, म्हणून दरवर्षी घरचेच बी धरू नये. पाण्याचा ताण पडला की त्याच वाणाच्या दाण्यात ओडॅप वाढते, त्यामुळे कोरड्या वर्षीच्या डाळीबाबत हात अधिक आखडता ठेवावा. धान कापण्याच्या साधारण पंधरा दिवस आधी, साचलेले पाणी काढून, चिखल पायाला चिकटेल इतकी ओल असताना उभ्या धानात बी फेकावे. कापणीला उशीर झाला तर रोपे धानाच्या सावलीत पिवळी व लांबट होतात.

उत्तर – गोठा

गुरांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कुटार बैल आवडीने खातात. ते धानाच्या तणसात (पेंढ्यात) मिसळून द्यावे, कारण नुसत्या तणसात प्रथिने फार थोडी असतात. हिरवा पाला एकदम पोटभर न देता हळूहळू वाढवावा, नाहीतर पोट फुगते. दाणे मात्र खुराकाचा लहानसा भागच असावेत, आणि घोडा असेल तर त्याला ते देऊच नयेत. या धान्याची बाधा घोड्याला फार लवकर होते. कुटार भरण्याआधी चाळून घ्यावे, मळणीत राहिलेले दाणे तळाशी बरेच साचतात.