मदत हवी आहे : अलिबाग किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रासाठी k4 (चक्रीवादळी भागातला महत्त्व-गुणक) किती धरावा?

इमारत एकमजली, उंची 10 मीटरच्या आत, वर पत्र्याचं छप्पर, समोर उघडा समुद्र. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस 875 भाग 3 (2015) प्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग Vb 44 मी/से आणि त्याला गुणायचे गुणक असे: k1 (जोखीम, 100 वर्षांचं आयुष्य धरून) 1.07, k2 (उंची आणि भूप्रकार; इथे भूप्रकार 1, म्हणजे उघडा प्रदेश) 1.05, k3 (भूरचना) 1.0.

अडलंय ते k4 वर. वादळानंतरच्या तातडीच्या सेवेतल्या इमारतींना 1.30 आहे, पण ते पूर्व किनारा आणि गुजरातच्या 60 किमी पट्ट्यापुरतं. महाराष्ट्राचा उल्लेखच नाही, आणि जून 2020 मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेलाच धडकलं! फरक किरकोळ नाही: k4 1.00 ऐवजी 1.30 घेतला तर वाऱ्याचा दाब 1.47 वरून 2.48 किलोन्यूटन/चौमी होतो. छपराच्या कडा-कोपऱ्यांचे स्क्रू आणि जे-बोल्ट (पत्रा धरणारे वाकडे बोल्ट) यावरच ठरणार.

अमेरिकेच्या एएससीई 7 या भार-मानकासारखं मॉन्टे कार्लो (संगणकावर यादृच्छिक काल्पनिक वादळं) करून पाहिलं: हवामान खात्याच्या नोंदींवरून मार्ग, केंद्रातली दाबघट, पुढे सरकण्याचा वेग, मग हॉलंड प्रोफाइलने (केंद्रापासूनच्या अंतरानुसार वारा देणारं सूत्र) वारा. खात्याचा वेग 3 मिनिटांच्या सरासरीचा, म्हणून 3 सेकंदांच्या झोतात बदलून घेतला. पण कोकणात धडकलेली वादळं इतकी थोडी, की नोंदी गोळा करायची त्रिज्या 150 ऐवजी 300 किमी केली की 100 वर्षांतून सरासरी एकदा येणारा वेग बराच हलतो. गुजरातकडे वळणारी वादळंही त्यात येतात.

पवनबोगद्यातल्या चाचणीला बजेट नाही. प्रूफ चेकरला (आराखडा स्वतंत्रपणे तपासणाऱ्या अभियंत्याला) लेखी आधार हवाय. सरळ 1.30 घेतला तर k1 मधल्या 100 वर्षांसोबत सुरक्षितता दुहेरी मोजली जाते का? आणि मॉडेलच वापरायचं, तर इतक्या विरळ नोंदींत त्रिज्या कोणत्या निकषावर ठरवता?